निपाणीचं इतिवृत्त

तंबाखूच्या वखारीवरची खोली. शिंका थांबत नाहीत,
तरी बैठक इथंच; भाडं पडत नाही.

वैजू म्हणाला, एका नावाखाली जाऊ सगळे,
वेगळं मागितलं की डीसी वेगवेगळं परत पाठवतो.
कस्तुरी म्हणाली, तुझ्या त्या ‘सगळे’मध्ये
दोन वर्षं मी चहा गाळते आहे.

मुबीनला ओळखपत्र हवं:
ते असलं की खोली मिळते, पोलीस दोनदा विचार करतो.
शिवलीला उसळलीच. मी कोण आहे ते
बेळगावात बसून कुणी शिक्का मारून सांगायचं होय?
मुबीन म्हणाला, तुला घर आहे.
मग बराच वेळ पंख्याचाच आवाज.

फलक मराठीत की कन्नडात?
ज्यावर अख्खा जिल्हा पिढ्यान् पिढ्या भांडतोय
ते पाच मिनिटांत मिटलं: दोन्हीत.
पण दोन्हीत लिहायचं काय, ते अडलं.

दुर्गव्वा सौंदत्तीहून आलेली, परडी मांडीशी.
अक्का, तुमचं काय लिहू?
यल्लव्वाची, म्हणाली. बसव कुठल्या रकान्यात बसतंय ते.
आणि लवकर कर बाबा, संकेश्वरची शेवटची गाडी जाईल की.

बाबा म्हणाली मला.
घरी अजून ताई म्हणतात.
इथंही कुणी विचारलं नव्हतं,
मीही कधी हात वर केला नव्हता; हातात पेन होतं.

ठराव: झाला नाही.
पुढची बैठक: कळवू.
चहाचे एकशेदहा रुपये कस्तुरीला देणं.
मागचेही.