छाट

शेकडेवारी मी तीनदा शिकवली.
भूदेवी गाजूल तिन्हीदा खिडकीबाहेर.
साखर पेठेत ऊन रणरणत होतं,
खालच्या मागांचा खडखडाट
माझ्या प्रत्येक वाक्यात.

मग एकदा तिची वही उलटून पाहिली.
पाठीमागे आईच्या विड्या:
सोमवारी हजारात साठ छाट,
मंगळवारी पंचावन्न,
कारखान्यात नवा चेकर आला
त्या दिवसापासून एकशे चाळीस.
पानं तीच, हात तेच.
खाली दोन रेघा मारून टक्के.

‘कुणी सांगितलं हे करायला?’
‘कुणी नाय, सर.
उद्या आईसंगट जाणार मी, वही घेऊन.
शेवटचा आकडा बरोबर आहे का...
थांबा, सांगू नका. मीच बघते.’

मी लाल पेनाला
टोपण लावलं.