बेचिराग

तालुक्याच्या स्मरणिकेसाठी गावावर दोन पानं द्या,
असा फोन आला. मानधन नाही, अंक घरपोच.
म्हणून आधी काढून बसलो
आमच्याबद्दल कोणी काय लिहून ठेवलंय ते.

निजामाच्या दफ्तरातला एक कागद
खलीक मास्तरांनी वाचून दाखवला:
मौजे उमरी थडी, उंबरे शून्य, बेचिराग.
म्हणजे दिवा नसलेलं. उठून गेलेलं.
त्या साली पटकी होती, मास्तर म्हणाले,
अख्खं गाव नदीपल्याड पालांत, अडीच महिने,
आणि कारकून आला तो त्यातल्याच एका बुधवारी.
पुढची एकोणतीस वर्षं
कागदावर कुणी दिवा लावला नाही.

मग एका साहेबाचा वृत्तांत:
'लोक काटक, पण संशयी.'
त्याच्या घोड्याला रात्री चारा मिळाला,
चारा आणणाऱ्याला मजुरी नाही.
हे वाक्य वृत्तांतात नाही.

वर्तमानपत्रात विशेषण आधी पोचतं,
गाव मागून, आमच्या एसटीसारखं.
फोटोवाला एप्रिलात आला,
भेगाळल्या तळ्यात पालथा पडून फोटो काढला.
त्याच्या पाठीमागे मोसंबीची बाग होती.

आणि भाषणातलं गाव
मला ओळखूच येत नाही.
त्याला गोदामाई असते, थोर परंपरा असते, गटार नसतं.
(गटार आमच्याकडेही नाही. तेवढं एक जुळतं.)

सगळ्यांवर हसून झालं, मग मी लिहिलं:
'दिवस मावळला की गाव शांत होतं.'
बरं वाक्य होतं. दोनदा मोठ्यानं वाचलं.
पद्मीनबाई साळवे दारात उभी,
ग्रामपंचायतीची पावती मागायला आलेली.
'शांत?' ती म्हणाली.
'लाईट येती रातच्या दहाला.
निम्मं गाव दळण घेऊन माझ्या गिरणीवर.
पट्टा तुटला तर शिव्या पार नदीपतूर जात्यात.
शांत कुठं लिहायलास, बापा?'
मग जरा थांबून,
'तुमच्या आळीत नसंल येत आवाज.'

बेचाळीस वर्षं राहतोय इथं.
तिची गिरणी माझ्या ओट्यापासून चारशे पावलं,
रात्री मी ती कधी चाललो नाही.

वाक्य खोडलं. दुसरं सुचेना.
फडताळातली पिशवी काढली,
तीत पायलीभर ज्वारी ओतली,
दहा वाजायची वाट बघत बसलो.

मुदत शुक्रवारची.
आज बुधवार.