तीन नंबर

कांडप बंद करून निघाले तेव्हा दीड वाजला होता.
हात तीनदा धुतले, तरी शिट्टी तिखट लागतेच.
मार्च-एप्रिलात माझ्या पोरींना ठाऊक असतं,
ताईंनी ज्या खांद्यावर हात ठेवला
त्या खांद्याला डोळा पुसायचा नाही.

आमची मॅच दोनला.
खरी मॅच चारला.
असं पत्रिकेत कुठं लिहिलेलं नाही,
पण गेटवरच्या चहावाल्यालाही माहीत आहे.
चारला दोन पेठा भिडणार, ढोल चारला,
दोनला नुसतं ऊन
आणि फक्की मारणारा म्हातारा
अजून कॉर्नरपाशी वाकलेला.
‘करा सुरू तुम्ही, माझं चालू दे,’ म्हणाला.

याच पायऱ्यांवर मामाच्या मांडीवर बसून
मी शिकले सगळं:
ऑफसाइड म्हणजे काय, तालीम म्हणजे काय,
हरलं की रात्री कुणी जेवत नाही ते.
एवढंच कुणी शिकवलं नाही
की या पायऱ्या उतरून खाली जाता येतं.

गोलमध्ये मिसबाह. भावाचे ग्लोव्हज, अंगठ्याला सुतळी.
उजवीकडे रेवती इंगवले, वाऱ्यासारखी, आणि तेवढीच बहिरी.
मध्ये तीन नंबर, दीक्षा सासने,
कळंब्याहून येते, म्हशीची धार काढून, सायकलवर.
बॉल पायाखाली आला
की जगात कुणालाच कसली घाई नाही, अशी थांबते.
तीन वर्षं ओरडतेय मी, सोड गं, लवकर सोड.
मान डोलावते.
सोडत नाही.

पहिल्या हाफला पायऱ्यांवर बत्तीस माणसं, मी मोजली.
मिसबाहचे वडील त्यात नाहीत.
ते जाळीपलीकडे, गाडीवर बसूनच, हेल्मेट न काढता.

दुसऱ्या हाफला चारची गर्दी आत आली,
झेंडे, टोप्या, भेळेचे पुडे, जागा धरायला टाकलेले रुमाल,
आणि हसू.
ते हसू मला फार जुनं ओळखतं.
कुणी शिट्टी घातली, रेफरीची नव्हे.
कुणी म्हणालं, वेणी सांभाळ.
मी खाली बघत राहिले. लेस, माती, एक मुंगळा.

मग साठाव्या-पासष्टाव्या मिनिटाला
दीक्षानं बॉल अडवला
आणि ठेवला पायाखाली, नेहमीसारखा.
वरून आवाज आला, घसा फाटलेला,
‘ए तीन नंबर! झोपलीस व्हय गं? सोड की!’
त्यामागून दुसरा, ‘उजवीकडं बघ, मोकळी हाय ती!’
तिसऱ्यानं शिवी दिली.
अख्खी. पेठेतली. आज्या-पणज्यापर्यंत पोचणारी,
जी आपल्या सेंटर हाफनं घाण केली
तरच देतात, परक्याला नाही.

कुणी हसलं नाही.

बॉल गेला उजवीकडे, उशिरा का होईना.
रेवतीनं मारला, बारच्या वरून,
आणि हजार माणसांचं एकदम ‘अरारारा’,
कपाळावर हात बसल्याचे आवाज खालपर्यंत आले.
मी वळून पाहिलं नाही.
डोळ्यांत पाणी होतं, तर आज ब्याडगी कांडली होती.

हरलो. एक-शून्य, कॉर्नरवरून,
ज्या कोपऱ्यात फक्की अर्धीच मारली होती तिथूनच.
ते भांडण उद्यासाठी ठेवलंय.

ढोल सुरू झाले तशा आम्ही भिंतीकडेनं बाहेर.
दीक्षा म्हणाली, ‘ताई, त्यो कोण हुता ओ, वरडणारा?’
‘का गं?’
‘बरोबर सांगत हुता. रेवती मोकळीच हुती की.’

तीन वर्षं.
मी काही बोलले नाही.
तिच्या सायकलची चेन पडली होती, बसवून दिली.
आता तिखटावर ग्रीस,
आणि आठ वाजता गिऱ्हाईक, पंधरा किलो.