पंधरा अक्षरं

लिएपायात वारा बंदरावरून येतो
आणि दार लावलं तरी घरात असतो.
बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्याखाली, तळघरात,
यंत्रांची चार कपाटं.
पंखे घोंघावतात. भिंतींना अजून धुरी दिलेल्या माशांचा वास,
उन्हाळ्यात जरा जास्तच.

इथे राहतात एक मधवाला, दोन दंतवैद्य,
चर्चचं गायनमंडळ,
आणि दिवाळं निघालेलं एक फर्निचरचं दुकान,
ज्याचं पान उतरवायचं कुणाला सुचलं नाही.
प्रत्येकाला एक पत्ता. चार आकडे, मध्ये तीन ठिपके.
असे एक हजार चोवीस मिळाले होते सुरुवातीला,
तेव्हा ओयार्स हसला होता, एवढ्यांचं करायचं काय!

आता त्यांचे भाव जमिनीसारखे. गुंठ्यागुंठ्याने विक्री.
दलालांचे निरोप येतात, देता का, देता का.
परवा रिकामा झालेला पत्ता नव्या गिऱ्हाइकाला दिला,
तर त्याच्या ईमेल कुणी घेईना.
आधीच्या भाडेकरूने तिथून नको ते धंदे केलेले.
ओल भिंतीत मुरते
तशी बदनामी आकड्यांत.

नवे पत्ते?
ते तर नऊ वर्षांपासून आहेत,
मोजायला बसू नये इतके,
कंपनीच्या कागदांत एका ओळीत पडून.
स्काइद्रिते दर जानेवारीत विषय काढते.
ओयार्स दर जानेवारीत म्हणतो, "मागतंय कोण?"
आणि खरंच, मधवाला मागत नाही.
दंतवैद्यांना ठाऊक नाही.
गायनमंडळाला नाताळच्या आत पान उघडलं की झालं.

मग यंदा रूता आली, धक्क्यावरचा वारा मोजणारी विद्यार्थिनी.
तिला नवाच पत्ता हवा होता, जुना परवडत नव्हता.
"पुढच्या वर्षी," ओयार्स म्हणाला.
ती टोपी घालून निघून गेली.
तिचा वारा आता फ्रँकफुर्टला साठतो.

त्या रात्री स्काइद्रिते घरी गेली नाही.
रस्ता अर्ध्या तासात झाला.
पहारेकऱ्याला सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं.
नावांच्या यादीत मधवाल्यापुढे नवी ओळ.
बारा मिनिटांत कुणाचा तरी फोन त्या वाटेने आला,
मग आणखी एक.
म्हणजे माणसं केव्हाची या दाराशी येत होती
आणि वळसा घालून मागच्या दाराने शिरत होती,
तक्रार न करता.

अडलं ते बिलांपाशी.
पत्ता टाकला की पंधराव्या अक्षरावर तुटायचा.
बिलांचा प्रोग्रॅम इमांत्सने लिहिलेला,
ओयार्सचा भागीदार,
मार्चच्या पातळ बर्फावर मासे धरायला गेलेला
तो इमांत्स.
तिने फाइल उघडली. त्या ओळीच्या वर लिहिलं होतं :
पंधरा पुरेत.
याहून लांब पत्ता निघाला तर मला फोन करा.
खाली नंबर.

सकाळी ओयार्स आला, कोट न काढता वाचत राहिला.
त्याला पाठ असणार.
नऊ जानेवाऱ्या हाच तर उंबरा होता,
आणि आम्ही समजत होतो, मागणी नाही.

मग त्यानेच पंधरा खोडून एकोणचाळीस केले.
वरच्या दोन ओळींना हात लावला नाही.

"हे काय, लागोपाठ चार टिंबं?"
त्याने पत्त्यावर बोट ठेवलं.
(मला ते दोन विसर्ग वाटतात,
दुःखात असतो तसला,
पण तिथे एकच पुरतो.)
"इथे शून्यं आहेत," स्काइद्रिते म्हणाली,
"किती, ते लिहायचं नाही. समजून घ्यायचं.
एका पत्त्यात एकदाच चालतं हे."
"एकदाच," तो म्हणाला, आणि किटली लावायला गेला.

दुपारी बिलं निघाली, लांब पत्त्यांसकट, न तुटता.
त्यांत फर्निचरवाल्याचंही होतं.