पाण्याच्या कॅनला जागा

उलानबातरच्या उत्तरेला, जिथे डांबर संपतं
आणि नमद्याची गोल घरं टेकडीभर चढत जातात,
तिथलं जुनं बॉयलर-घर आम्हाला मिळालं.
"पोरांसाठी वाचनालय करा", एवढंच पत्रात होतं.
खाली शिक्का, तोही अर्धाच उमटलेला.

तीन रात्री बसून मी नकाशा काढला.
लाटेसारखी वळणारी कपाटं, पिवळ्या गाद्या,
भिंतीवर मोठ्या अक्षरात काहीतरी उत्साही.
(तेव्हा वाटलं होतं, तेरा ते अठरा वयाला
पिवळा रंग आवडतो.)

दुल्मा तिथली ग्रंथपाल होणार होती.
पूर्वी ती ट्रॉलीबसवर कंडक्टर.
बिनतिकिटाचं कोण चढलंय, ते पाठ फिरवूनही ओळखायची.
नकाशा तिने उलटासुलटा धरून पाहिला.
"यात पोरं कुठायत?"
मी दाखवली. छोटी छोटी माणसं काढली होती मी,
सगळी एकाच दिशेला तोंड केलेली,
सगळी हसरी.

मग बोलावलं खऱ्यांना. अकरा जण आले,
कोटाची चेन हनुवटीपर्यंत, हात बाहीत.
काय हवं तुम्हाला?
सोदबिलेग खिडकीवरचा बर्फ नखाने खरवडत राहिला.
एक मुलगी म्हणाली, "वायफाय",
आणि सगळे हसले, कारण ते उत्तर
तिने माझ्यासाठी दिलं होतं.

दुल्माने चतकोर कागद वाटले. नाव लिहू नका म्हणाली.

दाराकडे पाठ नको.
झोप लागली तर उठवू नका. आठला उठवा.
काय वाचतोस, असं विचारायचं नाही.
धाकट्या भावाला आणलं तर चालेल का, तो बोलत नाही.
खोटं. बोलतो.
पिवळा नको.

आणि एक चिठ्ठी, तेलाचा डाग पडलेली:
पाण्याचा कॅन कुठे ठेवायचा?

मला काही उमगेना.
दुल्मा दंडाला धरून बाहेर घेऊन गेली.
उणे सव्वीस. कोळशाच्या धुरात रस्त्याचे दिवे
शिळ्या बलकासारखे.
पाण्याच्या टपरीपाशी रांग, रांगेत तेच चेहरे,
प्रत्येकामागे एक बुटका हातगाडा,
त्यावर वीस लिटरचा निळा कॅन.
शाळा सुटली की पाणी.
पाणी घरी पोचलं की अंधार.
वाटेत कुठे टेकलं, तर पाण्याचा दगड होतो.
दगड घरी नेल्यावर आई काय म्हणते,
ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या रात्री रबराने आधी पायऱ्या पुसल्या. उतार काढला.
दार केलं हातगाड्याच्या रुंदीचं.
आत शिरताच, जिथे माझा स्वागतकक्ष होता
कठड्यासकट, फुलदाणीसकट,
तिथे गरम पाइपांलगत लांब फळी, जमिनीपासून वीतभर,
बत्तीस कॅन मावतील अशी. जागेला आकडा. पावती नाही.
लाट गेली, कपाटं सरळ झाली.
खुर्च्यांची पाठ भिंतीला.
दिवे एकेकाचे वेगळे, ज्याने त्याने मालवायचे.
आणि जुन्या बॉयलरच्या काळ्या पोटात
दोघं बसतील एवढी पोकळी;
तिला नाव द्यायचं नाही, असं ठरलं.

उद्घाटनाला साहेब आले. फळी पाहून थबकले.
"हे वाचनालय आहे की पाणपोई?"
दुल्मा म्हणाली, "तिकीट दोन्हीला नाही."

आता साडेसात.
सतरा नंबरचा कॅन अजून फळीवरच.
मुंखजिन बॉयलरच्या पोटात आहे, बूट बाहेर,
एक उभा, एक आडवा.
मधूनच पान उलटल्याचा आवाज.
मी विचारत नाही.
जाता जाता वाकून कॅन जरासा हलवतो:
पाणी डुचमळतं.