उशिरा पिकलेला हशा

तिकिटं मोरागनं काढली, आमच्या लेकीनं.
"चाळीस वर्षं झाली लग्नाला,
एकदा तरी घराबाहेर जाऊन हसा."
म्हणून आम्ही ग्लासगोच्या एका तळघरात,
चौदा अरुंद पायऱ्या उतरून, अगदी पहिल्या रांगेत.
मागच्या खुर्च्या शहाण्यांनी आधीच धरल्या होत्या.

लॅक्लनला ऐकू येत नाही.
अगदीच नाही असं नाही. डाव्या कानात थोडं शिल्लक आहे:
किटलीची शिट्टी, शेजारचा कुत्रा, माझं ओरडणं.
बाकीचं गोदीनं घेतलं.
सत्तावीस वर्षं लोखंडी पत्र्यांवर घण पडत होते
आणि याच्या कानात कापसाचा बोळा,
तोही पदरच्या पैशानं आणलेला.
कानाचं यंत्र आहे. ते ड्रॉवरमध्ये असतं.
ड्रॉवरला हल्ली सगळं स्वच्छ ऐकू येत असणार.

मंचावर कॅलम नावाचा पोरगा, पाठीला विटांची भिंत,
माइकची वायर बोटाला गुंडाळायचा, सोडायचा.
सासूपासून सुरुवात केली, मग घरमालक, मग स्वतःचं टक्कल.
हशा पिकतो म्हणतात ना, तसा पिकला,
टेबलाटेबलावर डोलला, कापून झाला,
आणि सगळं रान मोकळं झाल्यावर
लॅक्लन हसला.
एकटा. खो खो.

तो विनोदाला हसत नाही.
तो माझ्या खांद्याकडे बघतो. खांदा हलला
की आपली पाळी आली असं समजतो.
चर्चमध्ये उभं राहायचं असलं तरी त्याचं हेच.

तिसऱ्या वेळी कॅलम थांबला.
"आजोबा, तुम्ही कुठल्या देशाच्या घड्याळावर हसता?"
तळघर कोसळलं.
मी ग्लासातल्या बर्फाकडे बघत बसले.
मनात म्हटलं, पोरा, आणखी एक शब्द बोल,
माझ्या पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा आहे.
आणि सगळे हसून दमल्यावर
लॅक्लनही हसला, स्वतःवरच्याच विनोदाला,
मनापासून, मांडीवर थाप मारून.

पोराला कळलं.
कळताना मी त्याला पाहिलं. वायर बोटावरच राहिली.

त्यानंतर तो विनोद सांगायचा, लोक हसायचे,
आणि तो पाण्याचा एक घोट घ्यायचा.
खूण नाही, इशारा नाही, नुसता घोट.
त्याच्यासोबत सगळं तळघर थांबायचं,
बारवाला लिंबावर सुरी धरून.
एवढी माणसं माझ्या नवऱ्याची वाट बघत होती.
युनियनच्या सभेत, दवाखान्यात, पोस्टाच्या खिडकीशी
याला कुणी कधी अर्धा श्वास दिला नव्हता.
मग तो हसायचा
आणि खोली दुसऱ्यांदा फुटायची.

एकदा मात्र तो हसला नाही.
वडिलांच्या अंत्यविधीवरचा विनोद होता,
लोक हसले, पण जपून, ओठांनी.
कॅलमनं घोट घेतला. अजून एक. ग्लास संपला.
"बरोबर आहे," तो म्हणाला, "हा अजून जमलेला नाही."
आणि जरा वेळ जमिनीकडे बघत उभा राहिला.
त्याला कोण सांगणार,
माझा खांदा हलला नव्हता, एवढंच.

रात्रीची बस. काचेवर सगळ्यांचे श्वास.
"काय काय म्हणत होता तो?" लॅक्लननं विचारलं.
मी त्याच्या डाव्या कानात सासूचा विनोद ओरडून सांगितला,
शेवट चुकवला, मग सुरुवात परत सांगितली.
मागच्या सीटवर चिप्स खाणारी पोरगी आधी हसली,
मग ड्रायव्हर.
लॅक्लन कपाळाला आठ्या घालून विचार करत होता.
गोव्हनचा आमचा थांबा आला, गेला.
मी थांबले.