ठोकळा

तुमच्या यादीत वेजिही नाही, हे मला ठाऊक होतंच.
दोन्ही जाड पुस्तकांत नाही तो,
एका जागी आहे, तोही कंसात.
ठोकळा म्हणायचे त्याला इस्तंबूलचे समीक्षक.
चेहऱ्यावरची माशी हलत नाही म्हणायचे.

बसा. चहा घ्या. साखर तिकडे.

एकतीस वर्षं कात्री चालवली मी,
कधी कधी नऊ दिवसांत एक सिनेमा.
संवाद सगळे नंतर भरायचे, परक्या गळ्यातून.
वेजिहीला आवाज द्यायचा एक लठ्ठ रेडिओवाला,
दोघांची कधी गाठही पडली नाही.
तेव्हा आवाजाचं पाप त्याच्या माथी मारू नका.

बाकीची पापं मान्य.
घोड्यावर तो पोत्यासारखा बसायचा.
नायक केला एकदाच,
तर अदानाच्या उघड्या थिएटरात लोकांनी
सूर्यफुलाच्या बियांची टरफलं भिरकावली पडद्यावर.
मी होते तिथे, माझ्याही केसांत आली चार.
प्रेमाच्या प्रसंगात वाटायचं, हा घड्याळ बघतोय.
बघतही असेल;
त्याला कादिकॉयची शेवटची बोट गाठायची असे.

पण माझ्या टेबलापाशी या.
रात्रीचे दोन. पेरिहानबाई रडतायत,
ग्लिसरीन हनुवटीपर्यंत,
हुंदका असा, की शिंक वाटावी.
दिग्दर्शक कधीच घरी गेला. सकाळी प्रिंट हवी.
मी टाकलेल्या तुकड्यांच्या टोपलीत हात घालते
आणि उचलते वेजिहीची अडीच सेकंदं.

काही करत नाही तो त्यात.
सुरीनं संत्रं सोलतोय. ती बोलते आहे,
आणि त्याचा हात थांबतो,
साल अर्धी लोंबत.
एवढंच. साठ चौकटी.

हुंदक्याच्या आधी तेवढा तुकडा जोडला
आणि बाई खरोखर रडायला लागल्या.
शपथेवर सांगते: तीच फिल्म, तेच ग्लिसरीन.
बक्षीस बाईंना मिळालं.
मिळू दे. परीक्षकांना संत्रं कुठलं दिसायला.

बोलणं सगळ्यांना येतं हो.
समोरचा बोलत असताना
नुसतं उभं राहणं —
मोठमोठ्यांचे डोळे पाहिलेत मी भिंगाखाली:
ओठ मिटलेले, आणि आत
स्वतःचं पुढचं वाक्य घोकणं चाललेलं.
चौकटीगणिक दिसतं ते.
वेजिही घोकायचाच नाही.
म्हणून विसरायचा. म्हणून ऐकायचा.
(विसरण्याचं कौतुक नाही मला.
सात सात रिटेक म्हणजे फिल्म, आणि फिल्म म्हणजे पैसा.)

एक्कावन्न सिनेमे सावरले मी त्याच्या जिवावर.
कुणाला बोलले नाही. त्यालाही नाही.

पुढे तो उस्कुदारला स्टोव्ह दुरुस्त करायचा.
मी गेले एकदा, चांगला चालणारा स्टोव्ह घेऊन,
नवरा गेला त्या महिन्यात.
तास-दीड तास बोलले असेन.
त्याचा पाना तसाच हवेत.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
याला काही झालेलं नाही.

हा बिस्किटांचा डबा.
उघडताना नाक बाजूला घ्या,
फिल्म सडली की व्हिनेगरसारखी येते.
काही तुकडे वाळल्या सालीगत वळलेत.
यादी तुमची. घाला, न घाला.
एकदा लावून तेवढं बघा.
आणि बाळा, उलटी नको लावूस,
सगळी नवी पोरं उलटी लावतात.
तो डावखुरा होता.
सुरी डाव्या हातात यायला हवी.